तोफखान्यात भरती, खंदकात मरण: पहिली मेन हेवी आर्टिलरी

रानवाटा७१ (धागाकर्ता)

‘मेन’ हे अमेरिकेतल्या एका राज्याचं नाव आहे, मुख्य या अर्थाचं मेन नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी विचारणार.

मागच्या ऑक्टोबरात आईबाबा इकडे व्हर्जिनियात आले होते. बाबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. देवळालीची माती, तोफेचं ग्रीस आणि पहाटे पाचचा चहा सोडला तर त्यांना फारसं कशाचं अप्रूप नाही. मॉलमध्ये नेलं की दाराजवळचं बाकडं पकडून बसतात. म्हणून एका रविवारी त्यांना पीटर्सबर्गच्या रणभूमीवर घेऊन गेलो. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं एकमेकांशी लढली (मेन उत्तरेकडून), त्यात १८६४-६५ साली दक्षिणेच्या या गावाला साडेनऊ महिने वेढा पडला होता.

शिरल्या शिरल्या एक बुटकी, रुंद तोंडाची उखळी तोफ दिसते. ‘डिक्टेटर’ नावानं गाजलेल्या तोफेच्या जातीची. तोंड १३ इंच, वजन १७,००० पौंड, म्हणजे जवळजवळ पावणेआठ टन, आणि गोळाच दोनशे पौंडांच्या वरचा. बाबांनी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि विचारलं, “हिला ओढायला बैल किती लागले असतील रे?” बैल नाहीत, रूळ. ती आगगाडीच्या सपाट डब्यावर बसवून वापरत. चालवणारे होते पहिल्या कनेक्टिकट हेवी आर्टिलरीचे, म्हणजे जड तोफखान्याचे, गडी. नावाप्रमाणे काम मिळालेली ही नशीबवान पलटण.

धागा मात्र तिच्याबद्दल नाही. तिच्यासारखंच नाव असलेल्या आणि तोफेला हात न लावता मेलेल्या दुसऱ्या पलटणीबद्दल आहे.

ऑगस्ट १८६२. मेनमधल्या बँगोर गावी १८वी मेन पायदळ पलटण उभी राहिली. पेनोब्स्कॉट नदीच्या खोऱ्यातले लाकूडतोडे, ओंडके वाहणारे, खलाशी, शेतकरी. कर्नल डॅनियल चॅप्लिन, तोही बँगोरचाच, आधी दुसऱ्या मेन पलटणीतून लढून आलेला. ही पोरं आघाडीवर जायच्या तयारीनं निघाली आणि पोचली राजधानीच्या राखणीला. वॉशिंग्टनभोवती तेव्हा किल्ल्यांचं कडं होतं. युद्ध संपेतो ६८ किल्ले-बुरूज आणि ८०० वर तोफा झाल्या होत्या. त्या तोफांना माणसं हवी होती. जानेवारी १८६३ मध्ये १८व्या मेनचं बारसं नव्यानं झालं: पहिली मेन हेवी आर्टिलरी. पायदळ पलटणीत दहा कंपन्या आणि हजारएक माणसं, तर हेवी आर्टिलरीत बारा कंपन्या आणि अठराशे. वरची माणसं गावाकडून आणली.

आणि ती आनंदानं आली! कारण उघड आहे. पगार पायदळाचाच, भरतीची बक्षिशीही मिळते, वर डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात मातीची जाड भिंत. जवळजवळ दीड वर्ष यांनी तोफा पुसल्या, माती उपसली, कवायत केली. पोटोमॅक नदीच्या बाजूला गस्त घालताना गोळी क्वचितच ऐकली असेल. आघाडीवरचे जुने शिपाई यांची टर उडवत. कोऱ्या कपड्यातले, ठेवणीतले शिपाई म्हणत.

मे १८६४ मध्ये उत्तरेचा सरसेनापती ग्रँटनं वाइल्डरनेस आणि स्पॉट्सिल्व्हेनियाच्या लढायांत इतकी माणसं घालवली की खोगीरभरतीही पुरेना. मग त्याची नजर राजधानीभोवतीच्या या धडधाकट, कवायतबाज हजारोंवर गेली. तोफा जागेवर ठेवा, बंदुका घ्या आणि चालू लागा. १९ मे रोजी हॅरिस फार्मपाशी या ‘हेवी’ पलटणींचा पहिला खरा सामना झाला. आडोसा कसा धरायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. कवायतीत उभे राहतात तसे रांगेत, ताठ उभे राहून लढले. त्या एका दुपारी पहिल्या मेनचे पावणेपाचशेच्या आसपास मेले आणि जखमी झाले. पण रांग मोडली नाही. त्यानंतर टर उडवणारे गप्प झाले.

बरोबर महिन्याभरानं, १८ जून १८६४ ला, पीटर्सबर्ग. पलटणीत उरले होते सुमारे ९००. एका खोलगट रस्त्यात त्यांना तीन फळ्यांत उभं केलं. समोर मोकळं रान, त्यापलीकडे टोकदार फांद्यांचं कुंपण, त्याच्या मागे दक्षिणेकडच्या फौजेचे मोर्चे. त्या जागेला पुढे कॉल्क्विट्स सेलियंट म्हणू लागले. सेलियंट म्हणजे मोर्चाचा पुढे आलेला कोपरा. दुपारचे चार-साडेचार. हुकूम झाला आणि हे धावले. समोरून गोळ्या, दोन्ही बाजूंनी तोफांचे छऱ्यांचे डबे. दहाएक मिनिटांत संपलं. ११५ मृत, ४८९ जखमी, २८ बेपत्ता. एकूण ६३२. जखमींमधलेही पुष्कळ नंतर गेले. अख्ख्या युद्धात कुठल्याही एका पलटणीची एका हल्ल्यात एवढी हानी झालेली नाही.

आणि ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती ही: त्याच रस्त्यात त्यांच्या आजूबाजूला त्याच ब्रिगेडच्या जुन्या, मुरलेल्या पलटणी होत्या. हुकूम त्यांनाही होता. त्या उठल्या नाहीत.

तिथं आता एक दगडी स्मारक आहे. फोर्ट स्टेडमन नावाच्या जागेपासून पाऊलवाट जाते. मुलगा पुढे पळत गेला, आम्ही मागून. बाबा स्मारकावरचा मजकूर माझ्याकडून वाचून घेत होते. मग ते मागे वळले आणि एकच प्रश्न विचारला: “जे बसून राहिले त्यांचा दगड कुठाय?”

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. तुम्हाला काय वाटतं?

नगरचा_गोलंदाज

जबरदस्त धागा, वाखु (वाचनखूण) साठवली.

अवांतर: आमचं घर नगरच्या तोफखान्यात. बाहेरगावी पत्ता सांगितला की लोक दचकतात. आणि ‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटच्या आधी आमचाच होता, तोफेतून गोळा टाकणारा तो गोलंदाज. त्यामुळे शीर्षक बघूनच आत आलो.

आता मुद्दा. तोफखान्याची माणसं संगिनी लावून पुढे काढायची हे वाचलं की मराठी माणसाला पानिपत आठवणारच. इब्राहिमखान गारदीनं तोफा थांबवून संगिनी लावलेल्या पलटणी रोहिल्यांवर घातल्या होत्या. पण गारदी त्यासाठीच तयार केलेले होते. तुमच्या मेनवाल्यांचं तसं दिसत नाही. त्यांना पायदळाची कवायत येत होती की तीही नाही?

रानवाटा७१

येत होती की. मूळची पायदळ पलटणच ना. कवायतीत ते पक्के होते, दीड वर्ष दुसरं काम काय होतं? घोळ तिथंच आहे. कवायत म्हणजे रांग सरळ ठेवणं. आघाडीवर १८६४ पर्यंत लोक जे शिकले ते वेगळंच होतं: थांबलास की आधी खड्डा खण. ताटली, कप, संगीन, हाताला लागेल त्यानं उकर. हे कवायतीच्या पुस्तकात नसतं.

खवचट_मावशी

धागा चांगला आहे, पण मला एक सांगा (कृहघ्या, म्हणजे कृपया हलके घ्या), ही व्हॉलंटियर पलटण म्हणजे स्वयंसेवकांची ना? मग पगार कसला आणि बक्षिशी कसली? आमच्या गणेश मंडळात स्वयंसेवकाला दहा दिवस राबून एक टोपी आणि वडापाव मिळतो.

आणि दुसरं, राजधानीचे राखणदार सगळे उचलून नेले तर मागं वॉशिंग्टन कोण सांभाळत होतं?

रानवाटा७१

मावशी, दोन्ही प्रश्न नेमके.

व्हॉलंटियर म्हणजे फुकट राबणारा नव्हे, तर कायमच्या सरकारी फौजेतला नसलेला. अमेरिकेची कायमची फौज तेव्हा चिमुकली होती. युद्ध लागल्यावर केंद्रानं राज्यांना सांगितलं की इतक्या पलटणी द्या. मग गव्हर्नर कर्नल नेमणार, कर्नल गावोगाव माणसं गोळा करणार. म्हणून पलटणीला राज्याचं नाव आणि क्रमांक. एका कंपनीत एकाच तालुक्यातली पोरं, सख्खे भाऊ, मेहुणे, दुकानदार आणि त्याची उधारी थकवलेला गिऱ्हाईकसुद्धा. पगार केंद्राचा, वर राज्य आणि गाव बक्षिशी देणार. मार्च १८६३ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. त्यात ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटका करून घेता येत होती. मग नाव निघायच्या आधी आपणहून भरती झालेलं बरं, बक्षिशी तरी पदरात पडते, आणि भरती व्हायचंच तर किल्ल्यातली हेवी आर्टिलरी काय वाईट?

एकाच गावची माणसं एका कंपनीत म्हटल्यावर दहा मिनिटांत ६३२ पडले याचा अर्थ लक्षात घ्या. पेनोब्स्कॉट खोऱ्यातली गावंच्या गावं एका आठवड्यात सुतकात गेली असणार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घुबडरावांनी द्यावं, ते इथंच कुठंतरी वाचत बसले असतील.

रात्रीचं_घुबड

बसलोच आहे.

मावशी, तुमची शंका जुबल अर्ली नावाच्या दक्षिणेच्या सेनापतीलाही आली होती. जुलै १८६४ मध्ये तो शेनँडोआ खोऱ्यातून फिरून थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर आला. किल्ले होते, तोफा होत्या, चालवणारे निम्मे पीटर्सबर्गला. भिंतीवर कोण उभं केलं? इस्पितळातून उठवलेले, कचेरीतले कारकून, अधू शिपायांची राखीव फौज. शेवटी पीटर्सबर्गहून सहावी कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेला फौजेचा मोठा भाग) बोटींतून घाईघाईनं परत पाठवली. ११ आणि १२ जुलैला फोर्ट स्टीव्हन्सपाशी चकमक झाली. खुद्द लिंकन बघायला तटावर चढला आणि त्याच्या आजूबाजूला गोळ्या लागायला लागल्या तेव्हा त्याला खाली उतरवावं लागलं. गंमत म्हणजे त्या सहाव्या कोअरमध्ये दुसरी कनेक्टिकट हेवी आर्टिलरी होती. म्हणजे किल्ल्यातून काढून आघाडीवर नेलेले लोक किल्ला वाचवायला परत.

या दुसऱ्या कनेक्टिकटचंही असंच. लिचफील्ड परगण्यात उभी राहिलेली १९वी कनेक्टिकट पायदळ, नंतर हेवी आर्टिलरी केलेली. १ जून १८६४ ला कोल्ड हार्बरला पहिल्याच मोठ्या लढाईत तीनशेवर माणसं गेली, कर्नल एलिशा केलॉग रांगेच्या पुढे चालताना मेला. म्हणजे मेन हा अपवाद नाही. त्या उन्हाळ्यात हेवी पलटणी एकामागून एक अशाच वापरल्या गेल्या.

हिंगणघाटकर

वाचतोय. लढाईतलं मला फार कळत नाही, पण तारीख वाचून थबकलो. जून १८६४.

त्याच महिन्यात मुंबईत काय चाललं होतं माहितीय? शेअरचा उन्माद. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, अमेरिकी कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. बँका, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या, रोज नवी कंपनी. बॅक बे भरून काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंदांचं नाव घेतलं की दारं उघडत. मग एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला, सौदे पुरे करायच्या दिवशी, मुंबईचं दिवाळं वाजलं. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. राजाबाई टॉवर मात्र त्याच प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिला.

माझी आजी सांगायची की तिच्या आजेसासऱ्यांनी कापसाच्या पैशातून बैलगाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली होती. खरंखोटं देव जाणे, चांदी तर आमच्यापर्यंत पोचली नाही. पण ही लढाई जितके दिवस लांबली तितके दिवस आमच्या गावात दिवाळी होती, हे तुमचा धागा वाचेपर्यंत असं कधी मनात आलं नव्हतं.

खवचट_मावशी

हिंगणघाटकर, चांदीची धाव वितळवून कुणीतरी सुनेच्या पैंजणात घातली असणार. आजीला विचारायला हवं होतं.

चष्मेवाला

सगळे हळवे झालात म्हणून एक कडू प्रतिसाद.

यात कसलं शौर्य? समोर मोर्चे दिसतायत, शेजारचे अनुभवी लोक जमिनीला चिकटलेत, तरी हे धावतात. याला आमच्या गावात मूर्खपणा म्हणतात. आणि धाडणारे सेनापती तर गुन्हेगारच. दहा मिनिटांत दोन तृतीयांश पलटण संपवायची, हाती काय तर शून्य. स्मारकं बांधून आपण हेच पुन्हा पुन्हा घडवून आणतो. बाबांचा प्रश्न बरोबर आहे. बसलेल्यांचं स्मारक हवं.

नगरचा_गोलंदाज

चष्मेवाले, खुर्चीत बसून मूर्ख म्हणणं सोपं आहे. हुकूम आला तर फौजेत चर्चासत्र भरवत नाहीत.

चष्मेवाला

शेजारच्यांनी भरवलं की! आणि ते जगले.

रात्रीचं_घुबड

भांडू नका. सेनापतींचं आधी बघू, कारण त्या दिवशीचा घोळ समजून घेण्यासारखा आहे.

१५ जूनला पीटर्सबर्ग जवळजवळ रिकामं होतं. दक्षिणेचा सेनापती बोरगार्ड, त्याच्याकडे मूठभर माणसं. उत्तरेच्या स्मिथनं बाहेरची तटबंदी संध्याकाळी घेतलीही, आणि मग अंधार पडला म्हणून थांबला. १६ आणि १७ ला हल्ले झाले, तुकड्यातुकड्यांनी. १७ च्या रात्री बोरगार्डनं शहाणपणा केला: मोर्चे सोडून मागं आला आणि गावाच्या जवळ नवी ओळ खणली. १८ ला पहाटे उत्तरेचा मोठा हल्ला निघाला तो रिकाम्या खंदकांवर. मग नवी ओळ कुठाय ते शोधा, रांगा पुन्हा जुळवा, यात सकाळ गेली. आणि त्याच सकाळी लीची फौज गावात पोचायला लागली. दुपारपर्यंत खिडकी बंद झाली होती.

मीड हा उत्तरेच्या फौजेचा तिथला प्रमुख. तो दिवसभर सगळ्या कोअरना एकाच वेळी हल्ला करायला सांगत होता आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. शेवटी वैतागून त्यानं तारा केल्या की आता एकमेकांची वाट पाहू नका, ज्याला जसं जमेल तसा हल्ला करा. पहिल्या मेनचा हल्ला हा त्या वैतागाचा शेवटचा तुकडा. दुसऱ्या कोअरचा हँकॉक जुनी जखम चिघळल्यानं बाजूला झालेला, बर्नी कोअर सांभाळतोय, मॉट डिव्हिजन सांभाळतोय. सगळे एकेक पायरी वर चढलेले. मॉटच्या डिव्हिजननं आधीच एकदा डोकं आपटून पाहिलं होतं. ते लोक रस्त्यात का बसले, ते त्यांनी आधी पाहिलेलं होतं म्हणून.

आणि आणखी एक. जुन्या पलटणींतले पुष्कळ जण १८६१ मध्ये तीन वर्षांच्या कराराने आलेले. जून १८६४ म्हणजे मुदत भरत आलेली. घरी जायला आठवडे उरलेत. पहिल्या मेनचे लोक ऑगस्ट १८६२ चे, त्यांना अजून वर्षावर काढायचं होतं.

(धागाकर्त्यास: स्मारकावरचा आकडा ६०४ आहे ना? तुम्ही ६३२ लिहिलंय.)

रानवाटा७१

हो, दगडावर ६०४ आहे. मी तिथंच उभा राहून मोबाइलवर बेरीज केली. ११५ आणि ४८९ मिळून ६०४, म्हणजे मृत आणि जखमी. बेपत्ता २८ धरले की ६३२. बाबा म्हणाले, “बेपत्ता म्हणजे काय, रानात सापडले नाहीत ते.” बेपत्ता म्हणून नोंद झाली की माणूस दगडावरही येत नाही, असं दिसतं.

करार संपण्याचा मुद्दा मला सगळ्यात पटतो. मी आजवर याकडे नवखे विरुद्ध अनुभवी असं पाहत होतो. पण ज्याच्या बायकोचं पत्र खिशात आहे की पंधरा दिवसांनी ये, तो उठेल का?

कोकणातला_फणस

मध्येच घुसतो. त्याच दिवशी त्याच गावी मेनचा आणखी एक प्रसिद्ध माणूस पडला ना? गेटिसबर्गच्या लढाईत गाजलेला?

रात्रीचं_घुबड

जोशुआ चेंबरलेन. होय, १८ जूनलाच, दुसऱ्या एका ठिकाणी, कमरेतून आरपार गोळी. मरणार म्हणून ग्रँटनं जागच्या जागी ब्रिगेडियर केला. मेला नाही, पुढे मेनचा गव्हर्नर झाला. तो ब्रुअरचा, म्हणजे बँगोरच्या नदीपलीकडच्या गावचा. आयुष्यभर त्या जखमेनं छळलं. त्याच्याबद्दल स्वतंत्र धागा हवा, इथं नको, नाहीतर चॅप्लिन पुन्हा मागे पडेल.

कोकणातला_फणस

चॅप्लिनचं पुढे काय झालं? आणि उरलेल्या तीनशेचं? घरी पाठवलं असेल ना?

रानवाटा७१

कसलं घरी पाठवतात! चारच दिवसांनी, २२ जूनला, जेरुसलेम प्लँक रोडच्या लढाईत तेच लोक पुन्हा उभे. चॅप्लिन १८ जूनला वाचला. ऑगस्टमध्ये डीप बॉटमपाशी नेमबाजाची गोळी लागून गेला. पलटणीत नवी माणसं भरत राहिले. ऑक्टोबरात बॉइडटन प्लँक रोड, एप्रिल १८६५ मध्ये सेलर्स क्रीक, आणि तीनच दिवसांनी ॲपोमॅटॉक्सला ली शरण. सप्टेंबर १८६५ ला पलटण मोडली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत २,२०० च्या आसपास माणसं या पलटणीत आली. त्यांतली ४२३ लढाईत किंवा जखमांनी गेली, त्यात २३ अधिकारी. उत्तरेच्या कुठल्याही पलटणीपेक्षा हा आकडा मोठा आहे. रोगराईनं गेलेले अडीचशेच्या वर ते वेगळेच.

आणि एक योगायोग, जो तिथं उभं राहिल्यावरच कळतो. २५ मार्च १८६५ ला दक्षिणेच्या गॉर्डननं वेढा फोडायला अखेरचा मोठा हल्ला केला, तो याच कॉल्क्विट्स सेलियंटमधून निघून फोर्ट स्टेडमनवर. म्हणजे तेच रान, फक्त उलट्या दिशेनं. आणि फोर्ट स्टेडमनमध्ये तेव्हा कोण होतं? चौदावी न्यू यॉर्क हेवी आर्टिलरी. पहाटेच्या अंधारात किल्ला गेला, सकाळी परत आला.

चष्मेवाला

म्हणजे नऊ महिन्यांनी त्याच शेतात दुसऱ्या बाजूची माणसं मेली. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण मूर्ख हा शब्द घेतो. मूर्ख ते नव्हते, हुकूम मूर्ख होता. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

खवचट_मावशी

चष्मेवाल्यांचं हेमाशेपो म्हणजे मध्यंतर, सगळ्यांना माहीत आहे.

रानवाटाभाऊ, तुमचे बाबा तोफखान्यातले. त्यांना विचारा ना, त्या रस्त्यात असते तर उठले असते का?

रानवाटा७१

विचारलं, काल फोनवर. आधी हसले. मग म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो.

“आमच्या पोरांनाही तोफा झाकून काश्मीरमध्ये पायी गस्तीला नेलं होतं. मी पण गेलो. पहिले दोन महिने आम्ही काय करायचो माहितीय? नाल्यातून चाललो तरी सरळ रांगेत चालायचो. शेजारच्या पायदळाचा हवालदार हसायचा. म्हणायचा, साहेब, तुम्ही परेडला आलाय का? एकदा त्यानं माझा खांदा धरून मला खाली बसवलं. का ते सांगितलं नाही. मी बसलो. माझ्या पोरांनी मला बसलेलं बघितलं, ती पण बसली. तोफेवर माणूस उभा राहून काम करतो रे. गोळा भरायचा तर उभं राहावंच लागतं. बसायचं कसं ते शिकावं लागतं, आणि शिकवणारा शेजारी असावा लागतो.”

मी म्हटलं, त्यांच्या शेजारी तर सगळे बसलेलेच होते. तर म्हणाले, “खांदा कुणी धरला नाही ना.”

नगरचा_गोलंदाज

साष्टांग. बाबांना आमच्या तोफखान्यातून नमस्कार सांगा.

रानवाटा७१

सांगतो. फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक विचारलं, ते घुबडरावांसाठी राखून ठेवलंय. “रात्री नऊशे माणसांचा शिधा उतरला असेल, त्याचं काय केलं?” सुभेदाराचं डोकं. मेलेल्यांच्या आकड्यापेक्षा त्यांना भाकरीचा हिशोब आधी सुचतो.

रात्रीचं_घुबड

बाबांना सांगा, शिधा रोज रात्री उतरत नसे. मोहिमेवर असताना तीन-तीन दिवसांचा एकदम वाटून टाकायचे: कडक बिस्किटं, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी आणि साखर. ते ज्याच्या त्याच्या खांद्यावरच्या कापडी थैलीत.

रानवाटा७१

सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे रानातच.” आणि आईच्या हातात फोन दिला.